पारनाक्यावरचा विडा

गोपीनाथने मागून पदर ओढला, तसं सुमतीने वळून त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

कल्याणच्या पारनाक्यावर, भर सकाळी. राणीच्या ज्युबिलीचं साल. मुलींच्या शाळेत शिकवायला जाणारी गावातली ती एकटीच बाई, त्यातून पायात वहाणा. ओट्यावरच्या रिकामटेकड्यांना आणखी काय हवं होतं? रोज खाकरणं, रोज लावणीची एखादी ओळ. पुढे नवरा चालायचा, मागून ती. बायकोने मागूनच चालायचं, हा रिवाज. पुढच्याला मागचं कळत नसेल, अशी आपली तिने समजूत करून घेतली होती. भाबडी बिचारी.

"अहो," तिने हाक मारली. भर रस्त्यात नवऱ्याला हाक मारायची तिची ही पहिलीच वेळ. "या गृहस्थाने माझा पदर ओढला."

त्र्यंबकराव थांबले, मागे आले. सभेत स्त्रीशिक्षणावर तासभर बोलणारा माणूस. तिला हट्टाने पाटीवर अक्षरं गिरवायला लावली ती यांनीच. तिच्या जिवात जीव आला.

"सोड त्यांचा हात," ते तिला म्हणाले.

तिने सोडला.

गोपीनाथ मनगट चोळत हसला. कचेरीत त्र्यंबकराव ज्यांच्या हाताखाली होते, त्या शिरस्तेदारांचा हा पुतण्या.

"थट्टा केली हो. वहिनींना एवढं झोंबेल असं वाटलं नाही."

"मी घरी समजावतो तिला."

"तसं नव्हे, त्र्यंबकराव. रोज तुमच्या कानांवर पडतंच की आमचं बोलणं. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत, म्हणून म्हटलं, चालतंय."

सुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. निदान एवढं तरी म्हणतील, की मला ऐकू आलं नव्हतं. ते उपरणं सारखं करत राहिले. पदराला हात लागला तेव्हा तिला संताप आला होता. आता मात्र तिने तो पदर नुसता खांद्यावर ओढून घेतला.

मनात काही ठेवू नका म्हणत गोपीनाथने विडा पुढे केला. त्र्यंबकरावांनी तो घेऊन तोंडात घातला.

पलीकडच्या आळीत शाळेची घंटा झाली. मुली जमल्या असतील.

"मी जाऊ ना शाळेत?" तिने विचारलं.

तोंड विड्याने भरलेलं. बोलता येईना, म्हणून त्यांनी हातानेच घराकडे दाखवलं.