तिसऱ्या बशीचा आकडा

तिसऱ्या बशीतल्या पेशी जिवंत होत्या. चांगल्या दाटीवाटीने वाढलेल्या. प्रयोगशाळेतले मदतनीस काकांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मेल्या नव्हत्या त्या नव्हत्याच.

कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी या. घेवड्याच्या बियांतलं एक प्रथिन त्यांच्या अंगाला चिकटतं आणि गाठीची वाढ रोखतं, हे दाखवण्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमची नऊ वर्षं गेली होती. काकांचीही. शेजारच्या खोलीतल्या परीक्षकांना ते पटत नव्हतं. "साधं विष आहे हे," ते सकाळीच म्हणाले होते. "विष काय, कशालाही मारतं." आज त्यांची खात्री पटली नाही, तर काम बंद.

पहिल्या बशीत काहीच घातलं नव्हतं. तिथे पेशी नुसत्या माजल्या होत्या. दुसरीत प्रथिन, तिथे खेळ खलास. तिसरीतही काकांनी स्वतःच्या हाताने प्रथिन घातलं होतं. वर मॅडमनी दिलेल्या बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी. बाटलीवर फक्त नंबर. मोजणाऱ्याला सगळं माहीत असलं की त्याचा डोळा फितूर होतो, असं मॅडमचं म्हणणं.

जिवंत पेशी ऐंशी हजार. त्यातलं एक शून्य गाळलं की मॅडम वाचल्या. कोण येणार होतं पुन्हा मोजायला? काकांनी पेन्सिल टेकवली. पण हात काही वळेना. स्वतःलाच शिव्या घालत त्यांनी खरा आकडा लिहिला आणि कागद शेजारच्या खोलीत मॅडमच्या हातात नेऊन दिला.

"माफ करा मॅडम. तिसरीतल्या जगल्या."

मॅडमनी आकडा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. कागद त्यांनी परीक्षकांपुढे सरकवला.

"बाटलीत साखर होती, सर. पेशीच्या अंगावर असते तीच. प्रथिन पेशीला धरतं ते त्या साखरेला. मोकळी साखर मिळाली तशी त्याने ती धरली आणि पेशी सुटल्या. विष असतं, तर साखर घालूनही त्या मेल्याच असत्या."

परीक्षकांनी आकडा दोनदा वाचला. मग पेनाला टोपण लावलं. "चालू ठेवा काम."

काकांनी कागदावरच्या शून्यांकडे पाहिलं. "मॅडम, आणि आकडा कमी आला असता तर?"

"तर ते विषच ठरलं असतं, काका. कुलूप मीच लावलं असतं."