चार सेकंद

ताई दारात दिसल्या तसा नकाशे खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या प्रोग्राममधलं नकाशाचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला नकाशेच म्हणत. दोन दिवसांत त्याचं तोंड पार उतरलं होतं.

“तुम्ही आज यायला नको होतं,” विभागाचे साहेब म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी बसवतो.”

“हा प्रोग्राम सव्वीस वर्षं मीच बघतेय,” ताई म्हणाल्या. “नकाशे, बस खाली.”

परवा दुपारी रुग्णवाहिका सुटली ती वेळेवर, पण गेली भलत्याच रस्त्यावर. मागे फिरून पोचेपर्यंत अठरा मिनिटं गेली. तोवर माणूस संपला होता.

ताईंनी त्या फोनची नोंद उघडली.

“रेकॉर्डिंग लावू?” नकाशेनं विचारलं.

“नको. लिहिलंय तेवढं पुरे.”

फोन करणारीनं रस्त्याचं नाव नीट सांगितलं होतं. वस्तीचं नाव सांगायचं राहिलं होतं; घाबरलेल्या माणसाला तेवढं कुठलं सुचायला! शहरात त्या नावाचे रस्ते दोन. एक जुना, एक नव्या वस्तीतला. पूर्वी अशा वेळी प्रोग्राम थांबून विचारायचा, ‘यातला कुठला?’ गेल्या महिन्यात नकाशेनं तो प्रश्न काढून टाकला होता. आता यादीतला पहिला रस्ता आपोआप धरला जायचा.

चूक सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

“आठ वर्षांचा अनुभव म्हणे!” साहेब भडकले. “उद्याच्या चौकशीत याचंच नाव...”

“त्या बदलाखालची ओळ वाचा. मंजुरी कुणाची आहे?”

साहेबांनी वाचलं. तिथे ताईंचं नाव होतं.

“प्रश्न का काढतोयस, म्हणून मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, चार सेकंद वाचतात. चार सेकंदांत जीव वाचतो, असं मीच म्हणाले आणि पुढे जाऊ दिलं. सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.”

नकाशे ताईंकडे वळला. “ताई, तुमच्या एकटीच्या हातून हे कधी झालं नसतं.”

“झालंय. तीनदा. तेव्हा कुणी दगावलं नाही, म्हणून लोक त्याला अनुभव म्हणतात.”

तो ओंजळीत तोंड लपवून रडला. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“रडून घे. मग तो प्रश्न परत घाल. ओळ न ओळ मला वाचून दाखव. आज मी मान डोलावणार नाही.”

दुपारपर्यंत दोघं बसली. शहरातली एकसारख्या नावांची सगळी ठिकाणं त्यांनी एकेक करून तपासली. ताईंनी समोरच्या चहाला हातसुद्धा लावला नाही.

साहेब जिन्यापर्यंत आले. “घरी आत्ताच सांगायला हवं का? निकाल येईपर्यंत थांबता येईल.”

“थांबून काय बदलणार? मीच सांगेन.”

नव्या वस्तीतला तो रस्ता बसथांब्यापासून चार पावलांवर होता. दाराबाहेर बऱ्याच चपला होत्या. आत माणसं दबक्या आवाजात बोलत होती. ताई बराच वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांनी बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या मुलीचे डोळे सुजले होते.

“किल्ली असून बेल कशाला वाजवलीस, आई?” ती म्हणाली. “कळलं का, बाबांची गाडी कुणामुळे रस्ता चुकली?”