अर्धं बोट डोंगर

काचेचं झाकण काही केल्या बसेना. शाळांसाठी उठावाचे नकाशे करणाऱ्या त्या कारखान्यात कारागिराने चौथ्यांदा ते पेटीवर टेकवलं आणि चौथ्यांदा ते डोंगरावर अडलं. सुताराने पेटीच अर्धं बोट उथळ करून ठेवली होती. गाडी बाराला येणार होती, आणि मालक सकाळपासून दारात येरझाऱ्या घालत होता.

नवी पेटी करायला वेळ नव्हता. डोंगर घास, मालक म्हणाला, अर्ध्या बोटाने कोणाचं काय बिघडतंय.

कारागिराने पॉलिश पेपर घेतला. प्लास्टरचा भुगा अलीकडे समुद्रावर पडू लागला, पलीकडे पठारावर. हात चालत होते, पण मन दुसरीकडेच होतं. सकाळीच लेकीचा फोन येऊन गेला होता. ती डोंगरापलीकडे नांदत होती, नकाशात कोरडा म्हणून पिवळा रंग देतात त्या भागात. तिची नि जावयाची लाँड्री होती आणि विहीर आटली होती. कपडे पाच मिनिटांत वाळतात बाबा, पण धुवायचे कशात, असं म्हणून तिने विचारलं होतं, दुकान बंद करून तुमच्याकडे राहायला येऊ का. जागेचा मालक खोळंबलाय, दुपारपर्यंत सांगा.

ये म्हणायला त्याची जीभ रेटेना. समुद्राकाठच्या या दमट हवेत पोरीने दम्याने बारा वर्षं काढली होती, उशीला टेकून, बसल्या बसल्या झोपत. समुद्रावरचे ढग डोंगराला अडतात, सगळं पाणी अलीकडेच ओततात आणि पलीकडे रिकामे पोचतात, हे तो हयातभर रंगवत आला होता. म्हणून तर हट्टाने तिकडचं स्थळ पाहिलं. आता नको येऊ म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने?

झाकण बसलं; त्याने ते पुन्हा काढून बाजूला ठेवलं. घासताना पठाराचाही रंग खरवडला गेला होता. कारागिराने हिरवा डबा उघडला आणि डोंगरापलीकडे ब्रश फिरवायला सुरुवात केली. मालक आत आला तेव्हा निम्मं पठार हिरवंगार झालं होतं.

"हे काय? इथे पिवळा असतो."

"डोंगर उतरवायला तुम्हीच सांगितलंत," कारागीर मान वर न करता म्हणाला. "आता ढग अडतील कशाला?"

 मालकाने कपाळाला हात लावला. डोंगर कमी केलेला कुणाच्या बापाला कळणार नाही, पण हा हिरवा आंधळ्यालाही दिसेल, असं म्हणून तो पुन्हा दारात गेला.

तेवढ्यात फोन वाजला. काय ठरलं, लेक विचारत होती.

ठरलं तर काहीच नव्हतं. वेळ काढायला म्हणून कारागिराने तिला आपला पराक्रम सांगितला. डोंगर अर्धं बोट उतरवला, तुमचा सगळा मुलूख हिरवा केला, आता मालक डोक्यावर बसलाय.

"मग पाऊस कधी पाठवताय, बाबा?" म्हणत ती हसायला लागली.

तिचं हसू चढत चढत त्या जागी आलं, जिथे पूर्वी ते हमखास खोकल्यात मोडायचं. कारागिराने ब्रश खाली ठेवला. फोन कानाशी घट्ट धरून तो वाट बघत राहिला. हसू पुरतं झालं. खोकला आला नाही. तिने लांब श्वास घेतला, त्यातही कुठे दम्याची शीळ नव्हती.

"तिथेच राहा," तो म्हणाला. "पाण्याचं मी येऊन बघतो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पिवळा कर रे लवकर, मालक दारातून ओरडला.

कारागीर पिवळा डबा केव्हाच ढवळू लागला होता.