कोपऱ्यातलं इंजिन

ठिणगीच्या बाबांच्या मागे उरलेल्या जीपचं झिजलेलं इंजिन मिस्त्रींनी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात एका टायरवर ठेवलं होतं. नवं बसवताना ठिणगीनं एकेक बोल्ट हट्टानं स्वतः आवळला होता.

"आत्ता सुरू झाली तर जीप तुझी," काका म्हणाले, "नाहीतर भंगारवाला दारात उभाच आहे."

"त्याला म्हणावं, आल्या पावली परत जा!"

तिनं चावी फिरवली. नवं इंजिन ढिम्म, हलेल तर शपथ! पण कोपऱ्यात काहीतरी तीनदा खोकलं.

जुन्या इंजिनाची खोडच होती ती. तीनदा खोकायचं, मग धडधडायचं. आता त्याला ना वायर होती, ना डिझेलची नळी. तरी ते टायरवर थरथरू लागलं.

मिस्त्रींनी नव्या इंजिनावर हात ठेवला. थंडगार!

"पोरी, बंद कर!"

"का म्हणून? सुरू झालीय ना?"

ठिणगीनं क्लच दाबला. दात आवळून तिनं पहिला गिअर टाकला.

"काका, बाजूला व्हा."

तिनं क्लच सोडला. कोपऱ्यातला आवाज चढला, आणि जीप पुढे निघाली.