नव्या मिस

दहावी ‘ब’च्या दारात अनुषाने पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग ताडकन उठून उभा राहिला.

“नमस्ते, मिस!”

तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. चाळीस पोरं हात जोडून उभी होती, ती तिच्यासाठीच.

पोरांची तरी काय चूक? एकोणीस वर्षांची, चांगली उंच अनुषा आईची ठेवणीतली साडी नेसून, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळून आली होती. शाळेने दिलेलं गणवेशाचं कापड अजून शिंप्याकडेच होतं, आणि अंबुबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, हट्ट धरला होता. “पहिला दिवस आहे ना गं, स्वल्प नीट दिसू दे की.” अंबुबाई स्वतः शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. शाळेत जायचं म्हणजे देवळात जाण्यासारखंच नटून जायचं, अशी त्यांची समजूत होती.

दहावीच्या गणिताने अनुषाला पार रडवलं होतं. वर्षात परीक्षा तीनदा देता येते, ती तिन्ही वेळा देऊन झाली. मग बाहेरून बसून पाहिलं, तेव्हाही गणित राहिलंच. शेवटी ती पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायला लागली. शाळेतले गणिताचे नरसिंहराव सर घरी आले नसते तर जन्मभर शिवतच राहिली असती. “नापास झालेल्यांना आता सरकारी शाळेत परत वर्गात बसता येतं,” सरांनी सांगितलं होतं. “पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, सगळं पोरांसारखंच. फक्त लाज तेवढी घरी ठेवून ये.” अनुषाने काम सोडलं आणि ती आली. लाज मात्र घरी राहायला तयार नव्हती, ती पदर धरून बरोबर आली होती.

आल्या पावली पळून जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. फाटक काही फार लांब नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची हर्षिता पुढे आली. ती वर्गाची मॉनिटर. तिने अदबीने अनुषाच्या हातात खडू ठेवला आणि फळ्याकडे बोट दाखवलं. “मिस, काल हे अर्धं राहिलं.”

फळ्यावर वर्गसमीकरण होतं. जुनी ओळख! अनुषाने मधल्या पदाची फोड केली. बरोबर आली. पुढच्या ओळीसाठी हात उचलला आणि तो तिथेच अडला. दर परीक्षेत तो इथेच अडायचा.

वर्ग अजून उभाच होता. बसा म्हणायचं तिला सुचलंच नव्हतं.

“मला इथपर्यंतच येतं,” ती वळून म्हणाली. “पुढचं येत नाही, म्हणून तर आलेय. मी मिस नाही. तुमच्याच वर्गात आहे.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळा वर्ग हसायला लागला. अनुषालाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांत ती अशी पोट धरून हसली नव्हती. हर्षिताने जीभ चावली आणि बाकावर सरकून जागा केली.

“या अक्का, इथे बसा. मलाही तिथपर्यंतच येतं.”

नरसिंहराव सर आले तेव्हा खिदळणं चालूच होतं. सगळे उठले. “नमस्ते, सर!” सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरच्या साडीवालीचा होता.

सरांनी फळा पाहिला. “हे कुणी लिहिलं?”

“नव्या मिसनी!” वर्ग एका सुरात ओरडला.

सरांनी अनुषाकडे पाहिलं, तिच्या गजऱ्याकडे पाहिलं, आणि खडू हातात घेतला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “सरी, ठीक आहे, मिस. आता वही काढा आणि पुढची ओळ लिहून घ्या.”