सामानाजवळ

किल्ल्याच्या दाराशी माणसांचा पूर लोटला होता. सासूबाई म्हणाल्या, "धाकटी बसेल सामानाजवळ. गुणाची आहे बाई माझी!" मंडळी आत गेली. धाकटी सून पिशव्यांचे पट्टे मनगटाला गुंडाळून बाकावर बसली. आतली रंगीत काचांची खिडकी तिने शाळेच्या पुस्तकात पाहिली होती. तेव्हापासून ती मनात घर करून होती. शेजारी कुण्या परक्या घरची बाई तशाच पिशव्या राखत होती. धाकटीकडून खिडकीचं ऐकून ती बाई म्हणाली, "जा, बघून ये. मी आहे ना इथे." धाकटी पट्टे सोडून पाखरासारखी उडाली. पहारेकऱ्याने हात आडवा घातला. "तिकीट?" तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, माझं तिकीट?" "तुझं कशाला काढायचं? तू सामानाजवळ ना!" ती परतली. बाईने सरकून जागा दिली. "वाटलं," ती म्हणाली, "तुझं तरी काढलं असेल."