व्हर्सायला भेटलेली बाई

पॅरिसहून कार्डिफला परतल्यापासून ऋजुता घरी येईल त्याला आईची फजिती तिखटमीठ लावून सांगत होती, आणि सुप्रभाताई दर वेळी नव्याने हसत होत्या. व्हर्सायच्या राजवाड्याची बाग मनसोक्त हिंडून मायलेकी आरसेमहालात शिरल्या, तर समोरून एक बाई हसत येताना दिसली. साडीवर कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज, कपाळावर ठसठशीत कुंकू. "अगबाई, आपल्यातली दिसतेय!" म्हणत सुप्रभाताई लगबगीने पुढे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही पुण्याच्या का हो?" त्या बाईनेही हात जोडले, आणि ताईंचं नाक आरशावर आपटता आपटता राहिलं.

आज ऐकायला शेजारची देविका होती. हसून हसून तिची मुरकुंडी वळली. "पण काकू, निदान स्वतःची साडी तरी ओळखायचीत!"

"साडी ओळखली की! अगदी अश्शीच माझ्याकडे आहे, असं सांगणारच होते तिला." सुप्रभाताईंनी तिच्या कपात चहा ओतला. "पण इतकी खुशीत असलेली बाई मी असेन, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं."